सांगितलं एक, साठलं दुसरं: एका अर्ज-प्रणालीतल्या इनपुट व्हॅलिडेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

एक संस्था व्यावसायिक परीक्षा घेते. उमेदवार वेबवरच्या फॉर्ममधून अर्ज करतात. नाव, ईमेल, फोन, जन्मतारीख, पत्ता, अनुभवाची वर्षं आणि 'स्वतःविषयी थोडक्यात' अशी एक मोठी चौकट, एवढंच त्या फॉर्ममध्ये असतं. मागे पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं ॲप्लिकेशन आणि मायएसक्यूएल डेटाबेस. प्रणाली बरीच जुनी होती. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात तिच्यात भर घातलेली होती. संस्थेची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत किंवा गाळले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.

माहिती आत येण्याच्या तीन वाटा होत्या. पहिली उमेदवाराच्या फॉर्मची. दुसरी कर्मचाऱ्यांच्या ॲडमिन पानाची, जिथून नोंदी दुरुस्त करता येत. तिसरी सीएसव्ही फाइलची (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली, तक्त्यासारखी मजकूर-फाइल), कारण काही प्रशिक्षण केंद्रं आपल्या सगळ्या उमेदवारांची यादी एकदम पाठवत आणि ती एका स्क्रिप्टनं थेट टेबलात भरली जाई. व्हॅलिडेशन, म्हणजे आलेली माहिती नियमांत बसते का याची तपासणी, म्हणून जे काही होतं ते जवळपास सगळं पहिल्या वाटेवर होतं, तेही मुख्यतः ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टच्या आधारानं.

सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.६ चालू होतं. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार फेब्रुवारी २०२१ मध्ये संपला होता, त्यामुळे ८.० वर जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. टीमनं जुना डेटा डंप करून (सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये काढून) नव्या सर्व्हरवर भरला, टेबलांचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ८एमबी४ केला, चाचणीसाठी थोडे अर्ज भरून पाहिले आणि प्रणाली नव्या सर्व्हरवर नेली.

अडचण कशी समोर आली

स्थलांतरानंतर तक्रारी यायला लागल्या. बहुतेकांचे अर्ज नीट जात होते, पण काही जणांना 'सबमिट' दाबल्यावर कोरं पान दिसे आणि भरलेलं सगळं नाहीसं होई. परत भरलं तरी तेच. कुणाचा अर्ज अडतोय आणि कुणाचा नाही, यात वरवर काही सूत्र दिसत नव्हतं. सीएसव्हीची स्क्रिप्ट तर मध्येच थांबत होती. अर्जाची मुदत संपत आलेली, आणि टीमचा पहिला निष्कर्ष असा की नवा सर्व्हर बिघडलेला आहे.

एरर लॉग (सर्व्हर एरर नोंदवतो ती फाइल) वाचल्यावर चित्र उलटं निघालं. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो. जुन्या सर्व्हरवर तो बंद होता. तो बंद असला की मायएसक्यूएल न बसणारी माहिती नाकारत नाही, बसेल अशी करून घेतं. कॉलम १५० अक्षरांचा आणि पत्ता १८० अक्षरांचा असेल तर शेवटची ३० अक्षरं कापली जातात. संख्येच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आली तर शून्य साठतं. तारखेच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग आली तर '००००-००-००' साठतं. प्रत्येक वेळी एक वॉर्निंग तयार होते, पण ती मागितल्याशिवाय दिसत नाही, आणि या ॲप्लिकेशननं ती कधीच मागितली नव्हती.

नवा सर्व्हर हीच माहिती नाकारत होता. लांब पत्त्याला १४०६, रिकाम्या अनुभवाला १३६६, सीएसव्हीतल्या रिकाम्या तारखेला १२९२ हे एरर कोड लॉगमध्ये ओळीनं दिसत होते. म्हणजे स्थलांतरानं नवा दोष आणला नव्हता. आतापर्यंत गुपचूप होत असलेलं नुकसान आता आवाज करून होत होतं, इतकाच फरक.

डंप भरताना हे का कळलं नाही, असा प्रश्न साहजिक आहे. मायएसक्यूएलडंप या साधनानं तयार केलेली फाइल सुरुवातीलाच स्वतःपुरता एसक्यूएल मोड (सर्व्हर किती कडक वागतो ते ठरवणारी मांडणी) बदलून घेते आणि त्यात स्ट्रिक्ट मोड नसतो. त्यामुळे शून्य तारखा आणि इतर विचित्र किमती (साठलेली मूल्यं) नव्या सर्व्हरवरही निमूट भरल्या गेल्या. चाचणीत भरलेले अर्ज टीमनं स्वतः भरले होते. नाव लहान, पत्ता लहान, सगळी फील्ड भरलेली. असे अर्ज कुठल्याही सर्व्हरवर जातातच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा होता: सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्ट्रिक्ट मोड बंद करायचा. काही मिनिटांचं काम, तक्रारी लगेच थांबणार. व्यवस्थापनाचा कल इकडे होता, आणि मुदत समोर असताना तो का होता हे समजण्यासारखं आहे.

दुसरा, जुन्या सर्व्हरवर परत जायचं. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या आवृत्तीवर लोकांची वैयक्तिक माहिती ठेवणं कुणालाच पटत नव्हतं, त्यामुळे हा लगेच बाजूला पडला.

तिसरा, ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन कडक करायचं. याच्या बाजूनं एक डेव्हलपर ठामपणे बोलत होता. उमेदवाराला चूक लगेच दिसते, सर्व्हरवरचा भार वाचतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण ब्राउझरमधला नियम उमेदवाराच्या सोयीसाठी असतो, तो डेटाचं रक्षण करू शकत नाही. जावास्क्रिप्ट बंद करता येतं, फॉर्मशिवाय थेट रिक्वेस्ट पाठवता येते, आणि या प्रकरणात तर उरलेल्या दोन वाटा ब्राउझरच्या त्या कोडमधून जातच नव्हत्या.

चौथा, सर्व्हरवर नियमांचा एकच थर लिहायचा, तिन्ही वाटा त्यातून न्यायच्या आणि डेटाबेसमध्येही मोजके नियम बसवायचे. हे योग्य होतं, पण मुदतीच्या आत पूर्ण होणारं नव्हतं.

पहिला निर्णय: स्ट्रिक्ट मोड चालूच राहील

माझी भूमिका या टप्प्यावर सल्ला देण्याची होती आणि माझा आग्रह एका प्रश्नाचा होता: उमेदवारानं जे सांगितलं तेच साठतंय का? 'इनपुट बरोबर आहे का' हा प्रश्न त्यानंतरचा. स्ट्रिक्ट मोड बंद केला असता तर तक्रारी थांबल्या असत्या, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच राहिलं असतं, आणि ते कुणाला कळलंही नसतं. अर्ज अडला तर उमेदवार फोन करतो. पत्ता अर्धा कापला गेला तर त्याला ते हॉलतिकीट न पोचल्यावरच कळतं.

मग मधला मार्ग निघाला. स्ट्रिक्ट मोड चालू ठेवायचा, पण डेटाबेसनं दिलेली एरर पकडून ती उमेदवाराला समजेल अशा भाषेत दाखवायची. १४०६, १३६६ आणि १२९२ या तिन्ही एररच्या मजकुरात कॉलमचं नाव असतं. ते वाचून संबंधित फील्डशेजारी 'हा मजकूर दिलेल्या जागेपेक्षा लांब आहे' किंवा 'इथे संख्या लागते' असा संदेश दाखवायचा, आणि भरलेलं बाकी सगळं जसंच्या तसं परत समोर ठेवायचं. हा कायमचा उपाय नव्हे. एररच्या मजकुरावर अवलंबून राहणं नाजूक असतं, कारण तो पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो. पण कोरं पान गेलं आणि मुदतीपर्यंतचा वेळ निभावला. ज्या कॉलमची लांबी उगाच कमी होती तीही त्याच सुमारास वाढवली.

याच टप्प्यावर एक छोटा पण महत्त्वाचा वाद झाला. अडलेले अर्ज जसेच्या तसे लॉगमध्ये ठेवावेत, म्हणजे नंतर अभ्यासता येतील, असं एकाचं मत होतं. पण त्यात लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा असणार, आणि लॉग फाइल वाचू शकणारे लोक डेटाबेस वाचू शकणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त असतात. शेवटी लॉगमध्ये फक्त फील्डचं नाव, कोणता नियम मोडला आणि मजकुराची लांबी एवढंच लिहायचं ठरलं. पुढच्या कामाला ते पुरलं.

लांबी कोण मोजतंय?

मुदत उलटल्यावर खरं काम सुरू झालं. लॉगमध्ये पहिलं कोडं लांबीचं होतं. ब्राउझरमध्ये नावाला ६० ची मर्यादा, सर्व्हरवर ६० ची, कॉलम ६० चा. आकडा सगळीकडे एकच, आणि तरी देवनागरीत नाव लिहिणारे अडत होते.

कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते. ब्राउझरची मॅक्सलेंथ, म्हणजे फील्डची लांबीमर्यादा, यूटीएफ-१६ या सांकेतिक पद्धतीची एककं मोजते. पीएचपीचं स्ट्रलेन हे फंक्शन बाइट मोजतं. मायएसक्यूएलचा व्हारकार हा कॉलमप्रकार युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक खुणेला दिलेले स्वतंत्र क्रमांक, मोजतो. 'क्षितिजा' हे नाव घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. कोडपॉइंट आठ आहेत: क, हलन्त, ष, इकार, त, इकार, ज, आकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो, म्हणून बाइट २४. साठ बाइटांत देवनागरीचे जेमतेम २० कोडपॉइंट बसतात. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं की ते सहज ओलांडले जातात. रोमन लिपीत नाव लिहिणाऱ्याला ही अडचण कधी आलीच नाही, म्हणून ती इतका काळ लपून राहिली.

स्ट्रलेनच्या जागी कोडपॉइंट मोजणारं एमबी_स्ट्रलेन वापरून हा भाग सुटला. 'स्वतःविषयी' या चौकटीत मात्र आणखी एक बारीक गोष्ट होती. टेक्स्टएरियामध्ये ओळ मोडली की ब्राउझर ती मोजताना एकच खूण धरतो, पण फॉर्म पाठवताना तिच्या दोन खुणा होतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. मर्यादा ५०० ची असेल आणि कुणी अगदी ५०० पर्यंत, परिच्छेद पाडून लिहिलं, तर सर्व्हरवर ५०० हून जास्त पोचतात. ब्राउझर म्हणतो चालेल, डेटाबेस म्हणतो चालणार नाही. सर्व्हरवर मोजण्याआधी ओळमोडीच्या खुणा एकसारख्या करून घ्यायच्या, असा उपाय झाला.

आणि मुळात ६० च का? शोध घेतल्यावर कळलं की प्रमाणपत्राच्या साच्यात नावाची ओळ तेवढीच मावत होती. छपाईची मर्यादा डेटाबेसच्या कॉलमवर येऊन बसली होती. कॉलम २०० चा केला आणि लांब नाव आलं तर प्रमाणपत्रात दोन ओळी पाडायची सोय केली. माणसाचं नाव त्याचं आहे, ते कागदाच्या रुंदीनुसार कापायचा अधिकार कुठल्याच प्रणालीला नाही.

नावाचा नियम

नावात फक्त अक्षरं, स्पेस आणि टिंब चालतील असा नियम सर्व्हरवर रेग्युलर एक्स्प्रेशननं (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रानं) लिहिलेला होता. तो लिहिणाऱ्यानं युनिकोडचा विचार केलेला होता: इंग्रजी वर्णमालेपुरता न ठेवता 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' हा वर्ग वापरला होता. पण युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत. ती 'मार्क' या वेगळ्या वर्गात येतात. त्यामुळे 'कमल' हे नाव चालत होतं आणि 'विमला' नाकारलं जात होतं. मार्कचा वर्ग जोडल्यावर ते सुटलं. काही कीबोर्डवर 'ऱ्य' लिहिताना 'झिरो विड्थ जॉइनर' ही न दिसणारी खूणही येते. तिलाही परवानगी द्यावी लागली.

ॲपॉस्ट्रॉफीवरची बंदी अधिक गंभीर होती. ती काढायला एका अनुभवी सहकाऱ्याचा विरोध होता, कारण ती एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याचा हल्ला, टाळण्यासाठी मुद्दाम घातलेली होती. कोड पाहिल्यावर विरोधामागचं कारण दिसलं: अनेक ठिकाणी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, मजकुराचे तुकडे जोडून तयार केली जात होती. अशा कोडमध्ये एका फील्डवरची बंदी फार तर एका फील्डचं रक्षण करते, आणि ज्यांच्या नावातच ती खूण आहे त्यांना प्रणाली 'तुमचं नाव चुकीचं आहे' असं सांगत राहते. इंजेक्शनवरचा खरा उपाय पॅरामिटराइज्ड क्वेरी हाच आहे. तिथे किंमत आणि क्वेरी वेगळी पाठवली जाते, त्यामुळे किमतीत काहीही असलं तरी ती आज्ञा म्हणून वाचली जात नाही. क्रम असा ठरला: आधी सगळ्या क्वेरी बदलायच्या, त्यांची तपासणी करायची, मग बंदी उठवायची. हा क्रम उलटा होऊ नये यावर त्या सहकाऱ्यानं जोर दिला आणि त्याचं ते बरोबर होतं.

जुना कोड साठवण्याआधीच एचटीएमएल एस्केप करत होता (खास चिन्हांच्या जागी त्यांची एचटीएमएल रूपं घालत होता), तेही याच ओघात सापडलं. त्यामुळे संस्थांच्या नावांतल्या 'अँड' चिन्हाच्या जागी डेटाबेसमध्ये त्याचं एचटीएमएल रूप साठलं होतं, आणि ॲडमिन पानावरून नोंद दुरुस्त झाली की ते पुन्हा एस्केप होऊन दुहेरी होई. एस्केप करणं हे दाखवण्याच्या वेळचं काम आहे. साठवताना मूळ मजकूरच साठवायचा.

रिकामं, शून्य आणि 'सांगितलं नाही'

एचटीएमएल फॉर्ममधलं रिकामं टेक्स्ट फील्ड सर्व्हरवर रिकामी स्ट्रिंग म्हणून येतं. तिचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रत्येक फील्डपुरतं कुणीतरी ठरवावं लागतं. इथे ते कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून डेटाबेसनं ठरवलं. अनुभवाची वर्षं ऐच्छिक होती. ज्यांनी ती रिकामी सोडली त्यांच्या नावापुढे शून्य साठलं. ज्यांनी खरोखर शून्य लिहिलं त्यांच्यापुढेही शून्यच. अनुभवावरून परीक्षेच्या एका भागातून सूट मिळत असल्यानं हा फरक महत्त्वाचा होता.

पुढच्या अर्जांसाठी उत्तर सरळ होतं: रिकामं आलं तर नल (किंमतच नाही अशी खूण), शून्य आलं तर शून्य. जुन्या नोंदींचं काय करायचं यावर मात्र एकमत होईना. सगळी शून्यं नल करावीत, असं एक मत होतं. पण त्यानं खरं शून्य सांगणाऱ्यांचं उत्तर पुसलं गेलं असतं. शेवटी शून्यं तशीच ठेवली आणि 'ही किंमत नियम बदलण्यापूर्वीची आहे' असं सांगणारा वेगळा कॉलम जोडला. अहवाल तयार करणाऱ्यांनी तो पाहूनच आकडे वापरायचे. माहिती नाही हे मान्य करणारी ही तडजोड मला आजही योग्य वाटते.

याच वेळी एका साध्या क्वेरीनं फार मदत केली: प्रत्येक कॉलममध्ये सर्वांत जास्त वेळा आलेल्या किमती कोणत्या, हे मोजून उतरत्या क्रमानं लावायचं. आडनावाच्या कॉलममध्ये एक पूर्णविराम वरच्या जागी होता. आडनाव सक्तीचं होतं, आणि ज्यांना एकच नाव आहे त्यांनी टिंब टाकून सुटका करून घेतली होती. फोनच्या कॉलममध्ये शून्यांची रांग होती. हे सगळं व्हॅलिडेशनमधून रीतसर पास झालेलं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसाकडे नाही ते सक्तीचं केलं, की तो काहीतरी भरतो आणि ते काहीतरी खऱ्यासारखं साठतं. आडनाव ऐच्छिक केलं. फोनची सक्तीही काढली, कारण संस्था संपर्क ईमेलनंच करत होती.

जन्मतारीख: जी एरर कधी आलीच नाही

तीच क्वेरी जन्मतारखेवर चालवली तेव्हा पहिल्या क्रमांकावर १ जानेवारी १९७० आली, बाकीच्या तारखांच्या कितीतरी पुढे.

जन्मतारखेचं फील्ड मोकळं होतं. शेजारी 'दिवस/महिना/वर्ष' अशी सूचना. आलेली स्ट्रिंग पीएचपीच्या स्ट्रटूटाइम फंक्शनला दिली जाई. हे फंक्शन तिरप्या रेघा दिसल्या तर तारीख अमेरिकी पद्धतीनं, म्हणजे महिना आधी धरून वाचतं. मध्ये आडव्या रेघा असतील तर दिवस आधी धरतं. त्यामुळे २५/०४/१९९० लिहिलं की पंचविसावा महिना नसल्यानं फंक्शन 'फॉल्स' देई, ते पुढे शून्य धरलं जाई आणि युनिक्स काळगणनेचा आरंभ, १ जानेवारी १९७०, साठे. आणि ०५/०४/१९९० लिहिलं की ५ एप्रिलच्या जागी ४ मे साठे.

पहिला प्रकार निदान शोधता येतो. दुसरा नोंद पाहून ओळखता येत नाही. ४ मे ही पूर्णपणे वैध तारीख आहे. स्ट्रिक्ट मोड तिला अडवणार नाही, चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसमध्येच लिहिलेला, किमतीवरचा नियम) अडवणार नाही, ब्राउझर अडवणार नाही. या प्रकरणातला सगळ्यांत मोठा बिघाड कुठलीही एरर न देता झाला होता, आणि स्थलांतरानं एरर दिल्या नसत्या तर कुणी तिकडे पाहिलंही नसतं.

किती नोंदी बिघडल्या असतील याचा अंदाज एका हिशेबानं आला. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी महिन्याच्या १ ते १२ तारखांना १४४ दिवस येतात आणि १३ तारखेपासून पुढे २२१. म्हणजे साधारण ६० टक्के जन्मतारखा १३ किंवा त्यापुढच्या असायला हव्यात. या टेबलात त्या फारच कमी होत्या. ज्या होत्या त्या आडव्या रेघा वापरणाऱ्यांच्या किंवा सीएसव्हीतून आलेल्या.

इथे दोन रस्ते होते. सगळ्या संशयित तारखांचा दिवस आणि महिना स्क्रिप्टनं उलटवायचा, किंवा उमेदवारांना विचारायचं. स्क्रिप्टचा मोह मोठा होता. पण आडव्या रेघांनी बरोबर आलेल्या तारखाही १ ते १२ मध्ये असणार, आणि उलटवल्यावर त्या बिघडल्या असत्या. विचारायचं ठरलं. दिवस १२ पर्यंत आहे आणि दिवस-महिना वेगळे आहेत अशा नोंदी, तसंच १९७० ची ती तारीख, एवढ्यांनाच पुढच्या लॉगिनच्या वेळी 'तुमची जन्मतारीख अशी नोंदली आहे, बरोबर आहे का?' असं विचारलं. १३ पासून पुढच्या तारखा आणि ५ मेसारख्या दोन्हीकडून सारख्या तारखा वगळल्या, कारण त्यांत अदलाबदल संभवत नाही.

नव्या फॉर्ममध्ये दिवस, महिना आणि वर्ष अशी तीन फील्ड केली आणि महिना नावानं निवडायला ठेवला. संदिग्धता लिहितानाच संपली. सर्व्हरवर चेकडेट फंक्शननं ३१ फेब्रुवारीसारख्या तारखा अडवल्या.

डेटाबेसमध्ये कोणते नियम ठेवले

सर्व्हरवरचा नियमांचा थर तयार झाला, फॉर्म आणि ॲडमिन पान त्यातून जाऊ लागलं, सीएसव्हीची स्क्रिप्टही त्यातूनच नेली. तरीही कुणीतरी कधीतरी टेबलाला थेट हात लावणारच. म्हणून डेटाबेसमध्येही नियम हवे होते.

मायएसक्यूएलमध्ये चेक कन्स्ट्रेंट ८.०.१६ पासून, म्हणजे २०१९ पासून, खरोखर लागू होतात. त्याआधी ते लिहिले तर वाचले जात आणि सोडून दिले जात. या टेबलाच्या जुन्या व्याख्येत असा एक कन्स्ट्रेंट सापडला. लिहिणाऱ्याला वाटलं असेल की नियम लागू आहे. अनुभव ० ते ७० मध्ये असावा, ईमेल रिकामी स्ट्रिंग नसावी, असे कधीही न बदलणारे नियमच इथे ठेवले. 'जन्मतारीख भविष्यातली नसावी' हा नियम इथे बसला नाही, कारण मायएसक्यूएलच्या चेकमध्ये आजची तारीख देणारं फंक्शन चालत नाही. तो सर्व्हरच्या थरात राहिला. किंमत नल असेल तर चेक अडवत नाही, हेही लक्षात ठेवून जिथे किंमत हवीच तिथे नॉट नल (किंमत रिकामी चालणार नाही हा नियम) वेगळं लावलं.

हे बसवण्याआधी जुना डेटा साफ करावा लागला. शून्य तारखा असलेल्या टेबलावर ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) चालवलं की १२९२ येऊन काम अडे. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'नॉट व्हॅलिड' लावून नियम फक्त नव्या नोंदींना लागू करता येतो आणि जुन्या नोंदी सवडीनं तपासता येतात. मायएसक्यूएलचं 'नॉट एन्फोर्स्ड' तसं नाही, ते नियम सगळ्यांसाठीच बंद ठेवतं. त्यामुळे इथे आधी सफाई, मग नियम, हाच क्रम शक्य होता.

दुबार अर्ज

ईमेलवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी सोय) होता, तरी दुबार ईमेल येऊ लागले. जुन्या कोलेशनमध्ये, म्हणजे मजकुराची तुलना कशी करायची त्या नियमांत, शेवटची स्पेस तुलनेत धरली जात नव्हती. ८.० च्या नव्या डीफॉल्ट कोलेशनमध्ये ती धरली जाते. सीएसव्हीतून शेवटी स्पेस असलेले पत्ते आले आणि डेटाबेसच्या दृष्टीनं ते वेगळे ठरले. सर्व्हरच्या थरात कडेच्या स्पेस काढल्यावर हे थांबलं.

'आधी शोधा, नसेल तर भरा' अशी जुनी पद्धतही काढली. बटण दोनदा दाबलं गेलं तर दोन्ही रिक्वेस्ट एकाच वेळी 'नाही' असं उत्तर मिळवून पुढे जाऊ शकतात. आता थेट भरायचं आणि युनिक इंडेक्सनं १०६२ दिली तर ती पकडायची. त्यावर 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे' असं पानावर दाखवलं तर कोण परीक्षेला बसतंय हे कुणालाही तपासता येईल. म्हणून सगळ्यांना एकच संदेश, 'तुमच्या ईमेलवर पुढची माहिती पाठवली आहे', आणि खरं काय ते त्या पत्त्यावर.

निष्पत्ती

पुढच्या परीक्षेच्या अर्जांच्या वेळी कोऱ्या पानाची तक्रार आली नाही. मदतकेंद्राला येणारे प्रश्न बदलले: 'अर्ज जात नाही' याऐवजी 'अमुक फील्डमध्ये काय लिहायचं' असे आले, आणि त्यातून फील्डशेजारच्या सूचना सुधारता आल्या. जन्मतारीख विचारलेल्यांपैकी पुष्कळांनी ती दुरुस्त केली. ज्यांनी लॉगिनच केलं नाही त्यांच्या तारखा संशयितच राहिल्या.

सीएसव्ही पाठवणारी केंद्रं मात्र नाराज झाली. आधी अख्खी फाइल स्वीकारली जाई, आता चुकीच्या ओळी परत येत. एक ओळ चुकली तर अख्खी फाइल नाकारायची की बाकीच्या ओळी घ्यायच्या, यावर बराच खल झाला. बरोबर ओळी घ्यायच्या आणि चुकलेल्या ओळी कारणासह वेगळ्या फाइलमध्ये परत द्यायच्या, असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

स्थलांतराआधी जुन्या सर्व्हरवरच एसक्यूएल मोड फक्त एका सेशनपुरता (एका कनेक्शनपुरता) बदलून पाहता आला असता. ॲडमिन पानाच्या कनेक्शनला स्ट्रिक्ट मोड लावला असता तर उमेदवारांना धक्का न लागता बरेचसे एरर कोड आधीच समोर आले असते. निदान प्रत्येक इन्सर्टनंतर शो वॉर्निंग्ज ही आज्ञा चालवून वॉर्निंग लॉगमध्ये लिहिली असती तरी पुरलं असतं.

सर्वाधिक आलेल्या किमतींची क्वेरी स्थलांतराच्या आधी चालवायला हवी होती. तिला कुठलंही साधन लागत नाही आणि प्रत्येक कॉलमला ती काही सेकंदांत उत्तर देते. आता टीम ती दर परीक्षेनंतर चालवते. सीएसव्हीतून येणाऱ्या फोन क्रमांकांचे सुरुवातीचे शून्य स्प्रेडशीटमध्ये गळतात, हे तिच्यातूनच अलीकडे कळलं, आणि त्यावरचा उपाय अजून ठरायचा आहे.